सरळ सडक

निजामाच्या राज्यात मोटरी धावायला लागून थोडीच वर्षं झाली होती. गंगाखेडच्या सडकेवर चिंचांच्या आड एक आंधळं वळण होतं. तिथं धुरपताबाईचा नवरा सुग्रीव गेला. बाजाराहून बैलगाडी घेऊन येताना समोरून मोटर आली, आणि दोघांनाही एकमेक दिसले ते अगदी जवळ आल्यावर. त्याच्या आधीही तिथं माणसं मेली होती. जागाच खराब, असं म्हणून लोक झाडाखाली नारळ फोडायचे.

सडकेचे ओव्हरसीर व्यंकटराव यांना हे पटत नव्हतं. जागा नव्हे, वळण खराब आहे, असं वरच्या साहेबांना परोपरीनं सांगून त्यांनी सडक सरळ करायची मंजुरी आणली. नवी सडक धुरपताबाईच्या रानातून जाणार होती. ते बिचकतच तिच्या दारी गेले.

"घ्या रान," ती म्हणाली. "माझ्यावानी येळ दुसरीवर येऊ नये."

सडक झाली. मोटर आता पार लांबून दिसायची. व्यंकटरावांना पहिल्यांदाच आपल्या कामाचं समाधान वाटलं. पण रानाचे दोन तुकडे झाले होते. घर एका अंगाला राहिलं, विहीर दुसऱ्या अंगाला. आणि वळणावर हळू होणाऱ्या मोटरी आता सुसाट यायला लागल्या.

उन्हाळ्यात धुरपताबाईची सून मनकर्णा डोक्यावर घागर घेऊन सडक ओलांडत होती. मोटरीखाली सापडून जागीच गेली.

चौकशीत दोष ड्रायव्हरवर आला. ड्रायव्हर बदलून भागणार नाही, सडकेखालून पायवाट काढू द्या, असं व्यंकटरावांनी विनवलं. एका घरासाठी एवढं काम होत नसतं, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी कुणाला न विचारता विहिरीच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना सडकेवर मुरमाचे उंचवटे घातले. मोटरी खरंच हळू व्हायला लागल्या. पण एका बड्या अंमलदाराच्या मोटरीला हिसका बसला, आणि उंचवटे काढायचा हुकूम आला.

ते काढून घ्यायला व्यंकटरावांनाच उभं राहावं लागलं. धुरपताबाई बांधावर बसून बघत होती.

"साहेब, सडक वाकडी होती तवा मोटरी हळू तरी व्हायच्या. परत वाकडी करता येत न्हाई का?"

"नाही, बाई."

"मंग पाणी कुठून आणावं आमी?"



पावसाळ्याच्या तोंडी ती लेकाला घेऊन माहेरी वालूरला निघून गेली. रान पडीक पडलं.

पुढच्या साली दुसऱ्या एका गावाजवळचं वळण सरळ करायचं ठरलं. विहिरी कोणत्या अंगाला आहेत ते आधी बघू द्या, असं व्यंकटराव म्हणाले. तेवढ्यासाठी काम थांबणार नाही, असं साहेबांनी सांगितलं.

व्यंकटरावांनी नव्या सडकेच्या आखणीची दोरी धरली आणि खुंट्या ठोकायला सांगितल्या.