मिस सांपागिताची भवानी

शनिवारी मॉल उघडून बराच वेळ झाला तरी माझी भवानी झाली नव्हती, आणि मला एका जागी उभं राहवत नव्हतं. डावीकडचा जोड उजवीकडे ठेवत होते, उजवीकडचा डावीकडे. शेजारच्या टेबलावर खेकड्याच्या चरबीच्या बाटल्या विकणारी आलिंग पुरिंग शेवटी म्हणाली, "उदेस, ते बूट आता आपल्या पायांनी पळून जातील बघ."

तिला काय जातंय बोलायला. तिचा नवरा म्हातारा झालाय, तो कुठे जाणार आहे?

आमच्या मारिकिनात अर्धी गल्ली बूट शिवते आणि उरलेली अर्धी शिवणं सोडून परदेशात गेली. माझा नवरा एलिसेओ आता त्याच वाटेला लागला होता. कतारमधल्या गोदामात काम, सोमवारी करारावर सही. हे तीन दिवसांचं दुकान चाललं, नाताळापर्यंत दर आठवड्याला टेबल मिळालं, तर सही करायची गरजच पडणार नाही, असं मी मनाशी धरून बसले होते. तुला जायचंय का, हे मात्र मी त्याला विचारलं नव्हतं. आमच्याकडे असं कुणी विचारत नाही. पोरांच्या फिया असतात, माणूस जातो. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तो हो म्हणाला असता तर?

मॉलवाल्यांचे नियम भारी. रोख घ्यायची नाही. गिऱ्हाईकानं टेबलावरचा काळा-पांढरा चौकोन फोननं टिपायचा आणि पैसे पाठवायचे. ओरडून बोलवायचं नाही. ओरडायचं नाही तर विकायचं कसं? मग मी ओरडायचे ती फोनमध्ये. फोन तिपाईवर, मी समोर, हातात बूट. घरबसल्या बघणाऱ्यांपैकी ज्याला तो हवा त्यानं खाली 'माईन' लिहायचं, म्हणजे 'माझा'. जो आधी लिहील त्याचा जोड. लाजबीज पहिल्या दिवशीच गेली.

अडचण होती ती भवानीची. दिवसाची पहिली नोट हातात पडली की ती सगळ्या मालावर थोपटायची, ही आमची रीत. माझी आई बाजारात कोळंबीवर थोपटायची, ओल्या नोटेनं. आता नोटच नाही तर थोपटू काय, डोंबल? मी फोनच थोपटायला लागले. पैसे आल्याचं टुण्ण वाजलं की फोन तिपाईवरून काढायचा आणि प्रत्येक बुटाच्या नाकाला टेकवायचा. तेवढा वेळ बघणाऱ्यांना नुसती बुटांची नाकं दिसायची. हसायचे लोक. हसेनात का. फक्त भवानी परक्या माणसाची हवी. घरच्यानंच केली तर ती भवानी नव्हे, देवाला टोपी घालणं झालं.

गुरुवारी आणि शुक्रवारी भवानी केली ती मिस सांपागिता नावाच्या कुणीतरी. नावापुढे मांजराचा फोटो. मी तोंड उघडायचा अवकाश की हिचं 'माईन' हजर. आणि घ्यायची काय, तर तपकिरी पुरुषी सँडल, ज्यांच्याकडे कित्येक वर्षांत कुत्रं फिरकलं नव्हतं. "आते, तुझ्या तोंडात साखर पडो," मी कौतुकानं म्हणायचे; आते म्हणजे आमच्याकडे ताई. वर लेसची जोडी फुकट. पैसे लगेच यायचे. माल नेते येऊन, असं लिहायची, पण यायची नाही. दोन्ही खोकी टेबलाखाली तशीच पडून होती. पण तिच्यानंतर विक्री चालायची हे खरं. शुक्रवारी तर टेबलं वाटणारी मॉलची बाई येऊन बघून गेली, हसलीसुद्धा. एलिसेओला ते सांगायला गेले तर हा जागेवर नाही. लाइव्ह सुरू झालं की रोज नेमका कॉफीला गायब. मी बडबड बडबड बडबडले.

शनिवारी तो कॉफीलाही नव्हता. खोकी टेबलाशी उतरवली आणि कतारला पाठवणाऱ्या एजन्सीच्या डॉक्टरकडे तपासणीला निघाला. म्हणाला, तिथे रांगेत शिरतानाच फोन काढून घेतात, तेव्हा मला फोन लावत बसू नकोस. पाठ वळवून गेला, आणि मला त्या पाठीचा असा राग आला की विचारू नका.

आणि नेमकी आजच ही मांजरवाली गप्प. बघणारे होते, विचारत होते, 'माईन' कुणी म्हणेना. टेबलाशी आलेली एक बाई जोड घालून आरशात बघून निघून गेली. पहिलंच गिऱ्हाईक रिकामं गेलं म्हणजे दिवसाचं वाटोळं. मी बूट उचलत होते, ठेवत होते, तोंडानं बोलत होते, आणि डोक्यात एकच: आता त्याचं रक्त काढत असतील, आता छातीचा फोटो.

तेवढ्यात मांजर उगवलं.

'माईन. तपकिरी सँडल. उशीर झाला, माफ कर. रांगेत फोन काढून घेतला होता.'

मी वाचलं. परत वाचलं. गिऱ्हाईक कधी उशीर झाला म्हणून माफी मागतं होय? कुठल्या रांगेत फोन काढून घेतात? टेबलाखाली वाकून पाहिलं. त्या सँडल त्यानंच शिवलेल्या, कुणी न घेतलेल्या. टुण्ण वाजलं, पैसे आले. मी फोनला हात लावला नाही.

"काय गं?" आलिंग पुरिंगनं विचारलं.

"भवानी रद्द," मी म्हणाले. सगळ्या बघणाऱ्यांसमोर म्हणाले. "ही मिस सांपागिता माझा नवरा आहे. दोन दिवस मी याला आते म्हणतेय."

आलिंग पुरिंग पोट धरून हसायला लागली. म्हणजे दोन दिवस खोट्या भवानीवर विकलंस की, म्हणाली. फोनवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मला मात्र हसू येईना. हा माणूस जायला निघाला होता आणि रोज सकाळी चोरून माझं दुकान चालावं म्हणून धडपडत होता. ज्याला जायचंय त्यानं असं कशाला करावं?

मी फोनच्या अगदी जवळ गेले.

"एलिसेओ, तुला जायचंय का नाही, एवढं सांग."

लोक हसायचे थांबले. कुणीतरी किंमत विचारली, तिला दुसऱ्या कुणीतरी गप्प बस म्हणून लिहिलं. मी हातातला बूट इतका घट्ट धरला होता की टाच तळव्यात रुतली.

मग मांजराच्या फोटोपुढे एकच शब्द आला. 'नाही.'

फिया तशाच होत्या आणि सोमवारही तसाच होता. पण मी बूट खाली ठेवला आणि टेबलाला टेकले.

"मग तिथे काय करतोयस," मी म्हणाले. "ये. येताना घरून सात नंबरची खोकी आण."

आणि त्याखाली कुणा अनोळखी बाईनं लिहिलं: 'माईन. सात नंबर, काळा.' टुण्ण वाजलं. परक्याचे पैसे, खरी भवानी. मी फोन तिपाईवरून काढला आणि एकेका बुटाच्या नाकाला टेकवत गेले, पहिली ओळ, दुसरी ओळ, मग पुन्हा पहिली. आलिंग पुरिंग म्हणाली, पुरे की आता. पण मी फोन बुटांवरच धरून ठेवला, म्हणजे माझं तोंड कुणाला दिसणार नाही.