चादरीवरचे काळे ठिपके

मंगळवार, सकाळचे सव्वानऊ. कानडी मुलखातल्या चामराजपेटमध्ये खंडोजींच्या चार मजली इमारतीखाली एक मुलगी थांबली. इस्त्रीवाल्या अंबूबाई फोनवर कुणाला तरी मराठीत झापत होत्या. त्यांचे संपताच मुलीने विचारले, "मावशी, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कसा आहे हो?"

हा प्रश्न माझ्यासमोर विचारला गेला, मित्रांनो. मी एक जुनी इस्त्री आहे. पितळेची, सागवानी मुठीची, पोटात निखारे घेऊन फिरणारी. अंबूबाईंच्या सासऱ्यांनी मला निपाणीहून आणले. तेव्हापासून चाळीस वर्षे आमची हातगाडी याच भिंतीच्या सावलीत उभी आहे. वीज गेली की सारी गल्ली माझ्याकडे धावते, हे मी सांगायलाच हवे.

पण माझा खरा अभिमान घड्यांचा नाही. मी कपड्यांवरून घरे ओळखते. पांढरा शर्ट पिवळट पडला, की त्या इमारतीत बोअरचे पाणी. भर एप्रिलात टॉवेल दमट आले, की त्या घरात ऊन नाही. कुठल्या मालकाचे भाडेकरू दसऱ्याला येतात आणि पाडव्यापर्यंतही टिकत नाहीत, तेही मला ठाऊक असते.

मुलगी नागपूरची, नाव अश्लेषा. कंपनीत नोकरी. "रिव्ह्यू सगळे चांगले आहेत," ती म्हणाली. "रंगही नवा आहे. दुपारी ॲग्रीमेंट करतेय. आई शनिवारी येतेय. तिला दमा आहे, म्हणून एकदा विचारलं."

अंबूबाईंनी वर पाहिले. सावली खंडोजींच्या भिंतीची, कपडेही खंडोजींचे. मी त्यांच्या हातात होते. एकाच बाहीवरून त्यांनी मला तीनदा फिरवले.

मग त्यांनी गाडीखालचे बोचके सोडले आणि एक चादर काढली. त्याच फ्लॅटमध्ये आधी राहणाऱ्या कावेरीची. घर सोडताना ती न्यायची राहिली होती. पांढऱ्या चादरीवर मोहरीएवढे काळे ठिपके होते. चाळीस वर्षांत मी हार मानली ती या एकाच कपड्यापुढे.

"कपाटात ठेवली होती, एक पावसाळा," अंबूबाई म्हणाल्या. "कपाटामागं भिंत आहे ना अक्का, ती बघ. स्वल्प हात लावून बघ. रंगाला काय विचारतेस?"

अश्लेषा वर गेली. परतली तेव्हा तिच्या बोटांना ओला चुना लागला होता. तिने अंबूबाईंचा हात घट्ट धरला.

खंडोजी गॅलरीत उभे होते.

"अंबूबाई! माझ्याच दारात उभी राहून माझंच घर बुडवतेस?"

"घर कुठं बुडतंय अण्णा? पाणी तेवढं मुरतंय."

समोरचा फुलवाला हसला. खंडोजी हसले नाहीत. "एक तारखेला गाडी इथं दिसता कामा नये," एवढे म्हणून ते आत गेले.

मित्रांनो, घर शोधताना मालकाची गोड बोली ऐका, रंग पाहा. पण खाली उतरून आमच्यासारख्यांनाही विचारा. आणि आम्ही खरे सांगितले, तर आमच्या डोक्यावरची सावली राहील का, याचीही चौकशी करा. अश्लेषाने ती केली. तिला मागच्या गल्लीत कोरडे घर मिळाले. आई शनिवारी आली, आणि रविवारी तिची नऊवारी माझ्याकडे. मी तिच्यावर एकही चुणी राहू दिली नाही.

नव्या घराच्या मालकीणबाई श्यामला यांना अश्लेषाने विचारले आहे, की फाटकाशेजारी एक हातगाडी उभी राहू शकेल का. "सरी, बरं, यजमानांना विचारून सांगते," असे त्या म्हणाल्या.

आज एकतीस तारीख, सकाळचे नऊ. अंबूबाईंनी रोजच्यासारखे निखारे भरले आहेत. मी तापले आहे. श्यामलाबाईंचा निरोप अजून आलेला नाही.