झाकणाखालचं ताट

एका हातात चमचा आणि काटा चिमट्यासारखे धरायचे, त्यात उकडलेला बटाटा पकडायचा आणि पाहुण्याच्या ताटात ठेवायचा. ठेवायचा, टाकायचा नाही. सुईचा बटाटा दर वेळी उडायचा. आज तो थेट कप्तानाच्या बुटावर जाऊन बसला.

"वा!" कप्तान म्हणाला. "आता बुटालाही वाढ जरा मीठ."

बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. सुईने त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की हसू निम्म्यातच विझलं.

अंगाने बारीक आणि जिभेने टोचरी, म्हणून तिला सगळे सुई म्हणायचे. शाळा तिने अर्ध्यातून सोडली. बाकावर तासन् तास बसून राहणं तिला कधी जमलंच नाही, आणि बाई ओरडल्या की हिचा आवाज त्यांच्या वर जायचा. मग या हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये वाढपाचा वर्ग चालतो असं कळलं, आणि ती आली. शिकवायला हॉटेलच्या सगळ्या वाढप्यांचा मुख्य होता, तोच कप्तान. टक्कल, कडक कॉलर, चेहऱ्याची इस्त्री कधी मोडायची नाही.

"राग डोक्यात असला की बोटं घट्ट होतात," तो म्हणाला. "बोटं ढिली सोड. पाहुण्याला तुझा राग दिसता कामा नये. त्याला फक्त जेवण दिसलं पाहिजे."

सुईने नवा बटाटा उचलला. पुन्हा उडाला. पण शिकायची मात्र तिला भयंकर भूक. ट्रे डाव्या पंजावर कसा तोलायचा, ताटाच्या आत अंगठा का जाऊ द्यायचा नाही, पेला काठोकाठ का भरायचा नाही, सगळं ती डोळ्यांनी गिळायची. एक गोष्ट ऐकून मात्र ती चक्रावली होती. कप्तान म्हणाला, वाढायच्या आधी ताटं गरम करून घ्या.

"ताट कशाला गरम?"

"थंड ताटात गरम जेवण मरतं. शेवटचा घाससुद्धा गरम लागला पाहिजे."

सुईला घर आठवलं. शेवटचा घास सोड, तिच्या आईने पहिला घास तरी गरम खाल्ला होता का कधी?

त्या घरात जेवणाची एक पद्धत होती. आधी काका आणि त्यांचा मुलगा बसायचे. मग काकू आणि लग्नाची चुलत बहीण. सुईची आई गॅससमोर उभी राहून सगळ्यांना गरम गरम वाढायची. सगळे उठले की काकू टेबलावरचं सगळं एका पातेल्यात गोळा करायची. कुणाच्या ताटातली चिवडलेली भाजी, कुणी अर्धवट सोडलेला भात, बाजूला काढलेले कांदे, आणि ते पातेलं आईकडे सरकवायची. आई ते सिंकजवळ उभ्याने खायची. मुलीसाठी मात्र ती आधीच काहीतरी लपवून ठेवायची.

सुईचे बाबा होते तेव्हा असं नव्हतं. ते गेले आणि आईची खुर्ची कुणीतरी गच्चीवर नेऊन ठेवली, कपडे वाळत घालायला. सुईने एकदा आईसाठी ताजं ताट वाढून ठेवलं होतं. काकूने ते उचलून परत भांड्यात ओतलं.

"नवरा नसलेल्या बाईची भूक कमी होते गं," काकू गोडीत म्हणाली होती. "वहिनींनाच विचार."

आणि आई म्हणाली होती, "जेवले मी."

कुणीही विचारलं की आईचं हेच. शेजारीण आली, जेवले मी. पाहुणे आले, जेवले मी. अशा बाईला लोक साधी म्हणतात, सोशिक म्हणतात, वर कौतुकही करतात. कौतुक करायला काही खर्च नाही ना!

"एकदा तरी सांग की नाही जेवलीस!" सुई आईवर ओरडायची.

"हळू. ऐकतील."

"ऐकू दे!"

"तू परीक्षा पास हो आधी," आई म्हणायची. आता दोघींचा सगळा जीव त्या परीक्षेत होता. पास होईल त्या मुलीला हॉटेलात नोकरी, आणि मागच्या आवारात राहायला एक खोली. छोटीशी, पण दोघींना पुरेशी. आईने तर मनातल्या मनात तिथे शेगडी कुठे ठेवायची तेही ठरवलं होतं.

कप्तानाने सांगितलं, रविवारी दुपारी मोठी पार्टी आहे, मोठं टेबल, तिथेच तुझी परीक्षा. आणि त्याच संध्याकाळी काका घरी आले ते खुशीत.

"पोरीचं ठरतंय," त्यांनी काकूला सांगितलं. "रविवारी मुलाकडचे सगळे जेवायला. घरी नको, घर बघून नाकं मुरडतील. हॉटेल बुक केलंय."

हॉटेलचं नाव ऐकून सुईच्या हातातला पेला निसटता निसटता राहिला.

"काका, मीच आहे तिथे वाढायला."

काकांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग ओळख दाखवायची नाही. तू वाढपीण, आम्ही पाहुणे. कळलं? आणि वहिनी, तुम्हीही या. सासरहून मोठी लेक येतेय, तिचं बाळ रडकं आहे, त्याला कुणीतरी बाहेर धरायला हवं."

सुईचं रक्त उसळलं. "काका, तुमच्या मांडीवर सूप सांडलं तर कसं वाटेल तुम्हाला?"

आईने तिचा दंड इतका आवळला की बोटांचे वळ उठले. रात्री भांडी घासताना ती एवढंच म्हणाली, "एक दुपार गिळ. मग आपण दोघी निघू. शब्द दे."

सुईने शब्द दिला. दात खात दिला, पण दिला.

रविवारी तिने पांढरा शर्ट आणि काळा एप्रन घातला, केस घट्ट बांधले. टेबल असं लावलं की कप्तानालाही काही बोलायला सापडलं नाही. काकांकडचे आले, मुलाकडचे आले. मुलाचे आईवडील, मुलगा, त्याचा भाऊ, आणि काठी टेकत आलेली त्याची आजी. काकू नव्या साडीत खुर्ची सावरत बसली. आई बाळाला खांद्यावर घेऊन हॉलच्या दाराबाहेर उभी राहिली. पॅसेजमध्ये बसायला एक स्टूलही नव्हतं.

सुईने सूप वाढलं, एक थेंब सांडला नाही. भात वाढला, भाजी वाढली. बोटं ढिली होती, बटाटा अलगद उतरत होता. दारातून कप्तान बघत होता आणि त्याची मान अगदी थोडीशी, समाधानाने हलत होती. पास व्हायला आता गोडाचा घास तेवढा उरला होता.

तेवढ्यात मुलाच्या आजीने विचारलं, "तुमचे थोरले भाऊ वारले म्हणतात. त्यांची बायको कुठे आहे? दिसली नाही."

काकांनी रुमालाने ओठ पुसले. "वहिनी ना? लाजाळू आहेत हो फार. घरात मात्र त्यांना वाढल्याशिवाय आम्ही कुणी पहिला घास घेत नाही. आईसारख्या आहेत आम्हाला."

"वा, चांगले संस्कार," मुलाचे वडील म्हणाले.

सुईने ट्रे घट्ट धरला. शब्द दिलाय, ती स्वतःला सांगत होती, शब्द दिलाय, खोली आहे, शेगडी आहे. तिने मान खाली घातली आणि उष्टी ताटं उचलायला सुरुवात केली. तेव्हा काकूने तिला चुटकी वाजवून जवळ बोलावलं आणि कुजबुजत्या आवाजात सांगितलं,

"ए, ताटांत राहिलंय ते सगळं एकत्र करून बांध. फेकू नको. वहिनींचं होईल संध्याकाळचं."

सुईने काकूकडे पाहिलं. मग ती हसली. इतकं गोड ती वर्गात एकदाही हसली नव्हती.

"हो मॅडम. लगेच देते."

आत जाऊन तिने तेच केलं जे काकूने सांगितलं. काकांच्या ताटातला चिवडलेला भात, काकूने बाजूला काढलेले कांदे, मुलाच्या भावाने दातांनी तोडून टाकलेला पाव, कुणाच्या वाटीच्या तळाशी राहिलेला रस, सगळं एकत्र केलं. पण बांधलं नाही. एक मोठं ताट घेतलं, ते गरम केलं, शिकवलं होतं तसं. त्यावर सगळं नीट रचलं, कड फडक्याने स्वच्छ पुसली, वर कोथिंबिरीचं पान ठेवलं आणि चकचकीत घुमटासारखं झाकण घातलं.

ती डाव्या पंजावर ट्रे तोलत बाहेर आली. ताठ पाठ, अंगठा बाहेर. काकांच्या समोर तिने ताट ठेवलं.

"हे काय? आम्ही मागवलं नाही," काका म्हणाले.

"खास आहे सर."

सगळ्यांच्या नजरा वळल्यावर तिने झाकण उचललं.

कुणाला आधी कळलंच नाही. मग मुलाच्या आईने नाकाला पदर लावला.

"उष्टं आहे हे!"

"हो," सुई म्हणाली. आवाज अजिबात वर गेला नव्हता. "हे यांच्या वहिनींचं जेवण आहे. माझ्या आईचं. रोज हेच असतं, सिंकजवळ उभ्याने. आत्ताच मॅडमनी मला सांगितलं, बांधून दे म्हणून. म्हटलं, आज काकांनीही तेच चाखावं. आईला वाढल्याशिवाय घास घेत नाहीत ना ते घरात."

काकू पांढरीफटक पडली. काका उभे राहिले, खुर्ची मागे कोसळली.

"खोटं बोलतेय कार्टी! डोकं फिरलेलं आहे तिचं, शाळेतूनही काढलं होतं! वहिनी! वहिनी, आत या! सांगा यांना!"

आई बाळाला घेऊन दारात आली. तिने ताट पाहिलं, लेकीचा एप्रन पाहिला. तिचा चेहरा पडला, आणि सुईने ओळखलं. आता आई म्हणणार, जेवले मी. एका वाक्यात सगळं झाकून टाकणार, आणि खोलीही गेली, शेगडीही गेली, सगळं फुकट.

"सांगा ना वहिनी," काका दात काढून हसत म्हणाले. "असं जेवता का तुम्ही?"

आई टेबलाजवळ आली. वाकून तिने ताटाकडे निरखून पाहिलं, जसं मंडईत बघतात.

"नाही भाऊजी," ती म्हणाली. "यात भाजीच्या फोडी आहेत. घरी नुसता रस उरतो."

मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला आणि "अहो, हे तर फारच..." म्हणून काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं. पण त्यांच्या आईने काठी जमिनीवर आपटली.

"तू गप रे. आपल्या घरी मी कधी जेवते, ते कधी पाहिलंस? सून झोपायला गेली की. विचार तिला."

सुनेने नाकावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढला. मुलाच्या वडिलांचं मोठं वाक्य तोंडातच राहिलं.

काका आता आईच्या अंगावर सरसावले. "संध्याकाळी माझ्या घराचं दार तुम्हाला बंद. दोघींना!"

"घर तुम्ही दोघा भावांनी बांधलंय," आई म्हणाली. बाळ तिने काकूच्या मांडीवर, नव्या साडीवर ठेवून दिलं. "तुमचं अर्धं दार बंद करा. माझं अर्धं उघडं राहील."

मग तिने काकांची पडलेली खुर्ची उचलली, सरळ केली आणि तिच्यात बसली.

कप्तान तोवर सुईपाशी पोचला होता. त्याने ते ताट झाकून उचललं. "पाहुण्यापुढं उष्टं ठेवलंस," तो हळूच म्हणाला. "नापास. नोकरी नाही, खोली नाही. एप्रन काढ."

"काढते," सुई म्हणाली. "पण एक ताट वाढून मग काढते."

कप्तानाने टेबलाकडे पाहिलं. खुर्चीत बसलेल्या बाईकडे पाहिलं, तिच्यासमोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग तो स्वयंपाकघराच्या वाटेतून बाजूला झाला.

सुईने आत जाऊन ताट गरम केलं. भात, भाजी, कोंबडीचा नीट तुकडा, सगळं ताजं. आईच्या डाव्या बाजूला उभी राहून तिने एकेक वाढलं. या वेळीही बटाटा नाही उडाला.

आई जेवायला लागली. सावकाश. फुंकर घालून, जीभ भाजली तरी हसत. टेबलावर दुसरं कुणी हललं नाही. गोड आत तसंच थांबलं होतं, ते आणणार तरी कोण होतं? मुलाकडचे उठून जाऊ शकत नव्हते, आजी उठू देत नव्हती. ती आईच्या प्रत्येक घासाकडे अशी बघत होती जणू तिच्याच पोटात जातोय. काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती आणि कुणी आणलीही नाही. सुईला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता, आणि तो पाहून तिला जे वाटलं ते चांगलं होतं की वाईट, हे तिने स्वतःला विचारलंच नाही. तिला फक्त गोड लागलं ते.

आईचं ताट रिकामं झालं. तिने मान वर केली आणि थोडी चाचरली.

"अजून थोडी भाजी मिळेल?"

बाबा गेल्यापासून आईने कुठल्याच ताटावर दुसऱ्यांदा काही मागितलं नव्हतं. सुईने भाजी आणली, पेल्यात पाणी ओतलं.

भिंतीजवळून काकांनी कोरड्या घशाने म्हटलं, "पाणी दे जरा इकडे."

पाण्याचा जग सुईच्या हातात होता, भरलेला. ती काकांकडे वळली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "आई जेवतेय."