पिवळ्या छत्रीची बाजू

रविवारी दुपारी आमच्या दुकानात जो कुणी ‘बरोबर आहे’ म्हणेल, त्याने सगळ्यांचा चहा करायचा असा नियम आहे. नियम माझाच. सिनेमा बघून झाल्यावर माणसं नुसत्या माना डोलवायला लागली की माझं डोकं फिरतं. माना डोलवायच्या तर आपापल्या घरी डोलवाव्यात, इथे यायचं ते भांडायला.

तर गेले कितीतरी रविवार चहा वन्सं करत होती, आणि त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

वन्सं म्हणजे माझी नणंद. हल्ली असं कुणी म्हणत नाही. लग्न झाल्यावर मी तिला चिडवायला म्हणून म्हणू लागले आणि तेच नाव चिकटलं, आता गिऱ्हाइकंही म्हणतात. आम्ही दोघी जुने सोफे आणि खुर्च्या नव्या करून देतो. सांगाडा, बैठकीखालचे ताणाचे पट्टे, स्प्रिंगा, फोम तिच्याकडे, आणि कापड, शिवण, बटणं माझ्याकडे. जिथे तिचं काम संपून माझं सुरू होतं तिथे आमची रोज जुंपायची. फोम जरा जाड झाला की मी आरडाओरडा करायची, शिवण तिरकी गेली की ती टराटरा उसवून माझ्या अंगावर फेकायची. माझा नवरा वरच्या मजल्यावरून विचारायचा, “कोण जिंकलं?” त्याला बहीण आणि बायको यांच्यात पडायचं नसतं, एवढी अक्कल त्याला आहे.

मग ते भांडण आटलं. कधी, ते सांगता यायचं नाही. मी म्हणायची, फोम कमी वाटतोय. ती म्हणायची, “तू म्हणतेस तर वाढवू.” मी मुद्दाम काहीतरी अडाण्यासारखं बोलून बघितलं. म्हटलं, या जड सोफ्याला पातळ पट्टे लावू. पूर्वी असं बोलले असते तर तिने हातोडी खाली ठेवून माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. आता म्हणाली, “चालेल.”

आणि एक दिवस कापडवाला माल टाकून जाता जाता म्हणाला, “वन्सं त्या मोठ्या फर्निचरच्या कारखान्यात जाणार म्हणे? चांगलं झालं हो.” मी म्हटलं, “हो ना,” जसं काही मला सगळं ठाऊकच होतं. तेव्हापासून एकच प्रश्न जिभेवर बसला होता आणि तोंड उघडलं की भलतंच बाहेर पडत होतं. कात्री कुठेय, दिवा लाव, दार लोट.

अशात तो रविवार आला, वर्षातला सगळ्यात मोठा. आम्ही चौघं एकाच दिग्दर्शक जोडीचे वेडे आहोत. चौघं म्हणजे आम्ही दोघी, पलीकडच्या गल्लीतले दाताचे डॉक्टर, आणि शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर. भिंतीवर अस्तराचं पांढरं कापड ताणायचं आणि त्यावर त्या जोडीचे सिनेमे पुन्हा पुन्हा बघायचे. दुरुस्तीला आलेले सोफे असल्यामुळे बसायला ददात नाही, फक्त स्प्रिंग कुठून टोचेल याचा नेम नाही. सगळे सिनेमे एकदा फिरून झाले की त्यांतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट ठरवायचा. तो हा दिवस.

त्या जोडीने कधी मुलाखत दिली नाही. त्यांचा एकच फोटो आहे. त्यात एकाच्या डोक्यावर टोपी आणि दुसऱ्याला जाड चष्मा. म्हणून टोपीवाला आणि चष्मेवाला. कॅमेरा टोपीवाल्याचा आणि संवाद चष्मेवाल्याचे, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं, कुठल्याही पुराव्याशिवाय. पण त्यावरून भांडताना आम्ही त्यांच्या सख्ख्या नातेवाइकांसारखे भांडतो.

मी त्या दिवशी एका जागी बसूच शकत नव्हते. खोलीच्या मध्यभागी एक उंच पाठीची खुर्ची होती, सोमवारी द्यायची. कापड पट्ट्यापट्ट्यांचं. पाठीवरचा निळा पट्टा सरळ उतरून बैठकीवरच्या निळ्या पट्ट्याला मिळायला हवा होता, आणि तो मिळत नव्हता. दोन बोटं सरकला होता. चूक माझी. कापताना चित्त ठिकाणावर नव्हतं. पण वन्संने ते बघितलं होतं, खुर्चीभोवती एक चक्कर मारली होती आणि म्हणाली होती, “चालेल.” मी येता-जाता त्या पट्ट्याकडे बघत होते आणि चिडत होते.

“वहिनी, बसा हो,” डॉक्टर म्हणाले. “माझे पेशंटसुद्धा एवढी चुळबुळ करत नाहीत.”

सर्वांत चांगला सिनेमा ठरायला वेळ लागला नाही, नुसता आवाज लागला. ‘दुसरी चावी’. त्यात एक बाई स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याला सगळं खरं सांगते, आणि कॅमेरा तिच्याकडे बघतच नाही, दाराकडे बघत राहतो. मध्येच एकदा दाराच्या काचेत तिचा अर्धा चेहरा दिसतो. डॉक्टर म्हणाले, हे दार म्हणजे टोपीवाल्याचं डोकं. मास्तर उसळले. “दार असेल हो त्याचं, पण काचेतला चेहरा चष्मेवाल्याचा! त्याने हट्ट धरला असणार की बाई दिसलीच पाहिजे!” दोघं सोफ्यावरून उठून उभे राहिले. मीही त्यांत ओरडून घेतलं, पण माझं लक्ष वन्संकडे होतं. ती एका बाजूला बसून तुटका पट्टा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

“वन्सं, तू बोल की,” मी म्हटलं.

“डॉक्टरांचं बरोबर आहे,” ती म्हणाली.

“चहा!” मास्तर ओरडले. ती हसत उठली. मला मात्र त्या डॉक्टरांना खुर्चीत बांधून त्यांचेच दात काढावेसे वाटले, बिचाऱ्यांचा काही दोष नसताना.

चहा झाल्यावर सर्वांत वाईट सिनेमा. तो दर वर्षी एकच असतो, ‘पिवळी छत्री’. जोडी फुटण्याआधीचा शेवटचा. दिसायला इतका गोड की दुखऱ्या दाताला सोसू नये. प्रत्येक खोलीत छान ऊन, प्रत्येक माणूस शहाण्यासारखा बोलतो, आणि बघून उठल्यावर काही आठवत नाही. पण आमच्यात रीत अशी की ज्याला वाईट म्हणायचं त्याची बाजूही कुणीतरी मांडायची, आणि मनापासून. कुणी, ते बटणांच्या डब्यातून ठरतं. डब्यात हात घालून न बघता एकेकाने बटण काढायचं. लाल ज्याच्या हाती येईल तो वकील.

आता एक गोष्ट सांगते. ते लाल बटण मखमलीचं आहे आणि बाकीची सगळी रेक्झिनची. रोज कापड हाताळणाऱ्या बाईला ते बोटांनीच कळतं. मी ते आजवर कधीच उचललेलं नाही. वन्संनेही नाही. आम्ही दोघी एकमेकींची ही लबाडी ओळखून होतो आणि पुरुषांना कधी सांगितली नाही. त्यामुळे दर वर्षी ‘पिवळ्या छत्री’ची वकिली डॉक्टर नाहीतर मास्तरच करत आले होते.

मी हात घातला. मखमल लागली. सोडून दिली आणि काळं बटण काढलं. मग वन्संने हात घातला. तिने घाई केली नाही. हात बाहेर आला तेव्हा त्यात लाल बटण होतं, आणि ती डॉक्टरांकडे नाही, मास्तरांकडे नाही, माझ्याकडे बघत होती.



“बोला वकीलसाहेब,” मास्तर म्हणाले. “पण आधीच सांगतो, हा सिनेमा एकट्या टोपीवाल्याने केलेला आहे. चष्मेवाला यात नाहीच.”

“छे, उलट,” डॉक्टर म्हणाले. “टोपीवाला तेव्हाच निघून गेलेला. म्हणून तर कॅमेरा मठ्ठासारखा उभा आहे.”

“दोघंही आहेत,” वन्सं म्हणाली. “फक्त भांडत नाहीयेत.”

तिने बटण मुठीत धरलं होतं. आवाज नेहमीसारखाच होता, जरा हळू.

“‘दुसरी चावी’त एकाला दार हवं होतं आणि एकाला चेहरा, म्हणून तो काचेतला अर्धा चेहरा आला. इथे एक म्हणाला असेल, ऊन पाहिजे. दुसरा म्हणाला, चालेल. एक म्हणाला, बाईने हसावं. दुसरा म्हणाला, तू म्हणतोस तर हसू दे. असा होतो ना मग सिनेमा गुळगुळीत.”

“पण का? इतकी वर्षं भांडून मग एकदम का?” मास्तरांनी विचारलं.

“एकाचं जायचं ठरलं असेल. जाणाऱ्याला वाटतं, आता उरलेत ते दिवस कशाला कडू करा. म्हणून तो सगळ्याला हो म्हणतो. त्याला वाटतं, आपण चांगलं वागतोय.”

“आणि दुसरा?” हे मी विचारलं.

“दुसऱ्याला कळलं असणार.”

“मग त्याने विचारलं का नाही?”

“घाबरला असेल. विचारलं तर उत्तर मिळेल म्हणून.” तिने बटण डब्यात टाकलं. “म्हणून मला तो वाईट वाटत नाही. दोन माणसं एकमेकांना दुखवायला एवढी घाबरलीत, की त्यापायी अख्खा सिनेमा वाया घालवलाय. बघवत नाही एवढंच. माझी बाजू संपली.”

डॉक्टर आणि मास्तर अर्थातच तुटून पडले. पुरावा काय, कुठल्या प्रसंगात दिसतं, हा तर्क झाला, हे काही समीक्षण नव्हे. इतकी हुशार माणसं, पण समोर काय चाललंय याचा पत्ता नाही. मी त्यांना मत द्यायला लावलं, ‘छत्री’च वाईट ठरली, आणि त्यांना जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं. मास्तरांची पिशवी राहिली ती मागून दिली.

दार लावून वळले तर वन्सं पेले गोळा करत होती.

“ही खुर्ची उद्या अशीच जाऊ दे?” मी विचारलं.

तिने बघितलं. “जाऊ दे की. कुणाच्या लक्षात येतंय.”

मी पेचकस उचलला, कापडाखाली घातला आणि ओढला. पिना तडातड उडाल्या. पाठीचं कापड अर्धं लोंबायला लागलं.

“अगं, काय करतेस!”

“कारखान्यात जाणार आहेस ना? हो म्हण! आणि मला कापडवाल्याकडून का कळावं? मी काय गल्लीतली बाई आहे?”

“हो. जाणार आहे,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात.”

उत्तर मिळालं, आणि मला वाटलं होतं तेवढंच ते लागलं. मी दुसऱ्या बाजूच्या पिना उपटायला लागले. डोळ्यांत पाणी आल्यामुळे पेचकस घसरला आणि कापडाला टरकन भोक पडलं.

“गाढव आहेस!” वन्सं किंचाळली. पेले आदळून ती धावत आली आणि तिने पेचकस हिसकावून घेतला. “अशी उपटतात पिन? कडेने उचलायची, किती वेळा सांगायचं! आणि मुळात हे कापलंस कसं? पट्टा कुठे, मध्य कुठे! डोळे काय भाड्याने दिले होते?”

“मग तेव्हा का नाही बोललीस? ‘चालेल’ म्हणे! तुझं ते ‘चालेल’ मला चावतं!”

“तू विचारलंस? कापडवाल्याला तेवढं ‘हो ना’ म्हणालीस! त्यानेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, वहिनींना माहीत आहे म्हणून. मी रोज वाट बघत होते तू कधी फाडून खाशील याची!”

आम्ही दोघी त्या उघड्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभ्या राहून भांडलो. सगळं निघालं. फोम निघाला, तिने हरवलेली माझी चांगली कात्री निघाली. शेवटी ती दमून त्याच उघड्या खुर्चीत बसली.

“वहिनी, तिथे नमुन्याच्या खुर्च्या बनवायच्या आहेत. नव्या. माझ्या मनातल्या,” ती म्हणाली. “इथे मी भावाच्या घरात, भावजयीच्या दुकानात. लोक मला वन्सं म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा. मला चांगलं वाटतं ते, खोटं नाही बोलत. पण माझं म्हणून काही मला एकदा करून बघायचंय.”

मला पुष्कळ उत्तरं सुचली. दुकान तुझंही आहे. नाव मी प्रेमाने ठेवलं. भावाला काय वाटेल. एकेक उत्तर मी मनात उचलून बघितलं आणि एकही पुरेसं खरं निघालं नाही. मी कापडाचा उरलेला तुकडा टेबलावर पसरला. तिने उठून निळ्या पट्ट्याचा मध्य धरून खडूने रेघ मारली. मी रेघ पुसून केसभर डावीकडे मारली. तिने माझ्या हातावर चापट मारून पुन्हा आपलीच मारली, आणि या वेळी मला दिसलं की तिचीच जागेवर होती.

वरून नवऱ्याचा आवाज आला, “कोण जिंकलं?”

मी खडू तिच्या हातात दिला.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“रेघ?”

“रेघही.”

मी पेले उचलले आणि सगळ्यांचा चहा टाकायला आत गेले. मागून ती ओरडली, “साखर बेताने घाल, मागच्या वेळी पाक केला होतास!”

“मागच्या वेळी तूच केला होतास!” मी ओरडले, आणि पातेल्यात मुद्दाम एक चमचा साखर जास्त टाकली.