खोक्यावर हर्ण्याचा पत्ता

मी एक जुनी, हाताने फिरवायची शिलाई मशीन आहे. मित्रांनो, तुम्हाला मी दिसत नाही आणि मला तुम्ही. मी खोक्यात कोंडलेय, अंगाभोवती जुनी चादर आणि तोंडात फडका.

कारखान्यात मला इतकं तेल पाजलं की सहा महिने मी नुसते ढेकर देत होते! मग दुबईत, अल मनखूलला, मूळच्या कोकणातल्या हर्ण्याच्या नूरजहाँच्या घरी आले. तीस वर्षं आम्ही दोघी राबलो. मी इतकी पळायचे की सुई लाल व्हायची, नूरजहाँ तिच्यावर पापड भाजायची. एका उंटाचा फाटलेला कानपण शिवलाय मी. खोटं वाटतं? विचारा त्या उंटाला.

पुढे सगळे तयार कपडे घ्यायला लागले. माझ्यावर औषधं, रिमोट, ओले टॉवेल. नात लायबा म्हणायची, "दादी, थ्रो इट! इट्स सो ओल्ड."

"दादीपण ओल्ड आहे. तिलाही टाकतेस?" नूरजहाँ विचारायची.

एक दिवस केनियातल्या एका खेड्यातून निरोप आला. तिथे टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारं एक घर आहे, शेजारी त्यांची शाळा. तिथे नवीन आलेली सहा वर्षांची रेहेमा कुणा मोठ्या माणसाचा शर्ट घालते, पार घोट्यापर्यंत. पोरं हसतात म्हणून ती वर्गात येत नाही, दाराआड बसते. गणवेश शिवायला मशीन हवी होती, आणि गावात वीज नाही. म्हणजे मीच की!

नूरजहाँने मला तेल घातलं. निळं कापड ठेवलं. निरोपात कळवलेल्या रेहेमाच्या उंचीएवढा एक दोरा कापून माझ्या सुईला बांधला. केनियाला माल नेणारी लाँच गुरुवारी सुटणार होती, पुढची थेट दोन महिन्यांनी.

मग गावी खोकी धाडताना इथली सगळी करतात तेच केलं. टेपवर टेप, वरून दोरी, आणि मार्करने पत्ता. लिहिताना ती मोठ्याने वाचत होती, "मुक्काम पोस्ट हर्णे, तालुका दापोली..."

"अगं बाई, चुकलीस!" मी ओरडले. पण तोंडात फडका!

गोदामात मला इंडियाच्या थप्पीत टाकलं. डोक्यावर तीन खोकी चढली. गुरुवार उजाडला. खाडीवर लाँचचा भोंगा वाजला. हलता येईना, बोलता येईना. तिकडे रेहेमा दाराआड.

तेवढ्यात मोहिद्दीन नावाच्या हमालाने मला उचललं. मी जीव खाऊन माझा दांडा आपटला. टकटक, टकटक!

त्याने खोक्यावरच्या नंबरवर नूरजहाँला फोन लावला. "खाला, खोक्यात कोंबडी भरलीय काय? जिवंत माल चालत नाही हां."

"कोंबडी कसली रे! मशीन आहे. केनियाच्या पोरांची."

"मग वर दापोली कशाला?"

नूरजहाँ फोनमधून ओरडली, "या अल्ला! तीस वर्षं तोच पत्ता लिहितेय रे. हात आपोआप तिकडेच गेला. बेटा, लाँच सुटली का?"

"दोरी सोडतायत. यल्ला, लवकर पत्ता सांगा!"

तिने केनियाचा पत्ता सांगितला, माझ्या डोक्यावर मार्कर करकरला, मग मोहिद्दीन असा पळाला की माझे सगळे स्क्रू मोजून झाले.

आता सगळं डुलतंय. अंधार तोच, फडका तोच. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी कपाटात कोंडलेलं असेल. काढा त्याला बाहेर, थोडं तेल घाला. आणि खोक्यावर पत्ता लिहायच्या आधी, ते ज्याला हवंय त्याचं तोंड डोळ्यांपुढे आणा.

दोरा सुईला तसाच आहे. मी त्याला रोज सांगते, उंच नको होऊस गं पोरी, थांब, मी आलेच.