दोरा कुणी कापायचा

गुरुवारी सकाळी माझी नात आनेल शेगडीपासून बुटक्या टेबलापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आली. चार पावलं टाकली आणि पाचव्याला खाली बसली. सून पेरिझात किंचाळली, माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं, आणि दोघींच्याही मनात एकच प्रश्न आला: आता दोरा कुणी कापायचा?

पोर चालायला लागलं की आमच्याकडे त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोरा बांधतात, आणि घरातलं नाहीतर ओळखीचं कुणीतरी तो कापतं. जी कापेल तिची चाल पोराला लागते म्हणतात. चाल म्हणजे नुसते पाय नव्हेत, अख्खा स्वभाव. त्यामुळे कुणाचं पोर भिंत धरून उभं राहिल्याची बातमी गल्लीत पसरली, की बायका आठवडाभर फार नीट वागायला लागतात. शेजारची झिबागुल एरवी नवऱ्याला फाटकातून आरोळी ठोकते. ती परवा त्याला आमच्या देखत म्हणाली, "अहो, दमलात का?" तो बिचारा इतका घाबरला की दमलो नाही म्हणून परत सरपण फोडायला गेला.

या नीट वागण्याचा काही उपयोग नसतो. तेवीस वर्षं मी गावच्या शाळेत कोट सांभाळायच्या खोलीत बसते. हिवाळ्यात रोज तीनशे कोट माझ्या हातून जातात. बोलताना माणूस ठरवून बोलतं, कोट काढून देताना कुणी काही ठरवत नाही. एखादा माझ्याकडे पाठ करूनच उभा राहतो, बाहीतून हात मीच सोडवीन म्हणून. एखादी पोरगी आधी हातमोजे बाहीत नीट खोचते, मग धाकट्या भावाचेही खोचते, आणि मग घंटा झाली म्हणून पळते. मुख्याध्यापक कोट देण्याआधी सगळे खिसे चाचपून पाहतात. रोज, माझ्या डोळ्यांदेखत. मी रागावत नाही. त्यांच्या बायकोची मात्र मला काळजी वाटते.

तर दोरा. तो रबिगा आपाच कापणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. रबिगा आपा म्हणजे माझी थोरली नणंद. माझा नवरा आठ वर्षांपूर्वी गेला, पण त्याच्या या बहिणीचा दरारा अजून तसाच आहे. एकाहत्तरीतही ती अंगणातून चालते तेव्हा कोंबड्या आपणहून बाजूला होतात. आतापर्यंत सदतीस पोरांचे दोरे तिनं कापलेत. माझ्या तलगातचाही.

तिथंच माझं घोडं अडलं होतं. तलगात, माझा एकुलता एक मुलगा, आनेलचा बाप, तिकडे पश्चिमेला समुद्राजवळच्या तेलविहिरींवर कामाला आहे. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी, असं ठरलेलं. पण तो आपणहून जास्तीच्या पाळ्या घेतो आणि आठ दिवसांतच परत निघतो. घरी असतो तेव्हाही एक गुडघा वर करून, उठायच्या तयारीतच चहाला बसतो. दोऱ्याच्या दिवशी रजा मिळणार नाही, असं त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "असू दे, काम महत्त्वाचं." मनात म्हणाले, त्या कात्रीचंच हे. कुणाजवळ बोलले मात्र नाही, एकतीस वर्षांत कधीच नाही.

त्या रात्री फोन ठेवल्यावर चहा ओतता ओतता पेरिझात म्हणाली, "आई, तुम्ही निवडा. तुम्हाला माणसं कळतात."

"रबिगा आपा आहेत की."

"आहेत ना. मी कुठं नको म्हणतेय?"

पेरिझात असं म्हणाली की नकोच असतं, एवढं तीन वर्षांत मला कळलं होतं. "का नको, ते सांगून टाक."

"आपा उभ्यानं चहा पितात," ती म्हणाली. "चहाची वाटी खाली ठेवायच्या आधी डोक्याला रुमाल बांधून तयार. घरात असं एक माणूस आहे तेवढं पुरे झालं, आई."

आम्ही दोघी हसलो. ती आधी थांबली.

"मग कोण हवं तुला?"

"उल्मेकेन काकू."

उल्मेकेन माझी धाकटी जाऊ. तिला दुपारच्या जेवणाला बोलवायचं तर आदल्या दिवशीच निघ म्हणून सांगावं लागतं. मी म्हणाले, "अगं, पोरगी पंचविसाव्या वर्षी दाराबाहेर पडेल."

"पडू दे. आनेल पोटात होती, सातवा महिना. बसथांब्यावर काकू भेटल्या, त्यांना डॉक्टरकडे जायचं होतं. मी सहज बोलायला गेले आणि रडूच आलं. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर ओरडला आणि गेला. काकूंनी बसकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं रडणं संपेपर्यंत उभ्या होत्या. त्यानंतरची बस चार तासांनी होती."

पेरिझात रडली होती हे मला माहीतच नव्हतं. का रडलीस, असं विचारायला हवं होतं. मी विचारलं ते भलतंच. माणसाला स्वतःची हौस असतेच. "आणि माझं गं? तीन वर्षांत माझं काय पाहिलंस?"

ती वाटीत बघत राहिली. "रागवाल."

"नाही रागावत."

"मी रस्सा करून बाहेर गेले की तुम्ही आत येऊन चव बघता आणि मीठ घालता. मग जेवताना सगळ्यांसमोर म्हणता, आज पेरिझातनं मीठ बरोबर घातलंय."

माझे कान तापले. "तुला कसं कळलं?"

"झाकण तुम्ही उलटं ठेवता. पहिल्या वर्षी मी रडायचे, यांना माझ्या हातचं चालत नाही म्हणून. दुसऱ्या वर्षी वाटलं, सांभाळून घेतात बिचाऱ्या. आता मी मुद्दामच कमी घालते." ती हसली. "तेवढ्यासाठी तरी तुम्ही स्वयंपाकघरात येता. पण आई, कमी झालंय असं एकदा तोंडानं सांगितलं असतंत, तर पहिलं वर्ष वाचलं असतं माझं."

तीनशे कोट बघणारी मी. माझा कोट कुणी बघत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी रबिगा आपाकडे गेले. एरवी असलं काम मी झिबागुलकडून परस्पर करवून घेतलं असतं, नाहीतर विहीणबाईंच्या नावावर ढकललं असतं. वाटेत तीन थापा तयारही झाल्या होत्या, त्यातली एक तर फार चांगली होती. आत गेले तर आपानं कात्रीला धार लावून ती स्वच्छ रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवलेली. मी बसायच्या आधीच म्हणाले, "आपा, दोरा उल्मेकेन कापणार आहे."

"कुठली उल्मेकेन?"

"आपली."

"ती कात्री शोधेपर्यंत पोरीचं लग्न लागेल!" आपा हसली. मी हसत नाही हे पाहून थांबली. "का गं? माझ्या हाताला काय झालं?"

"काही नाही..."

"कामशात," आपानं मला नावानं हाक मारली, "सदतीस पोरं चालती केलीत मी. माझ्या हाताला काय झालं?"

"तलगात," मी म्हणाले. "त्याचा पाय घरात ठरत नाही, आपा. तुमचा ठरत नाही तसाच. दोरा तुम्ही कापला होता."

आपा खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "एकतीस वर्षं पोटात ठेवलंस हे?"

"हो."

"बरं, मला नाही बोललीस. पोराला बोललीस कधी? जाऊ नकोस म्हणून?"

"कामावर निघालेल्या माणसाला कसं म्हणायचं..."

"म्हणालीस का?"

"नाही."

"काय करतेस ते मी सांगते. त्यानं जायचं नाव काढायच्या आत तू त्याच्या वाटेसाठी पिठाचे गोळे, बौरसाक तळायला घेतेस. गरमागरम पिशवीत भरून दाराशी ठेवतेस. मी बघितलंय. पोराला वाटत असेल, आईलाच घाई झालीय. आणि दोष माझ्या कात्रीला!"

मी टेबलाशी बसले आणि कात्रीकडे बघत राहिले. एरवी तोंड काही मला कमी नाही.

आपानं रुमालासकट कात्री माझ्या हातात कोंबली. "ही घेऊन जा. तिच्या घरच्या कात्रीनं कांद्याची पातही कापली जात नाही. आणि दोरा कापल्यावर पोरीचे दोन हात धरून तिला चालवायला दोघं लागतात. त्यातला एक हात माझा. विचारत नाहीये, सांगतेय."

"या, आपा."

"येणारच. आता ऊठ. इथं बसून माझ्याकडे काय बघतेस?"

बाहेर आले. वारा सुटला होता. कोपऱ्यावर उभं राहून मी तलगातला फोन लावला. मागं यंत्रांची घरघर होती. मी रोज रात्री आठला फोन करते, जेवलास का विचारते, आणि ठेवते. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

"तलगात," मी म्हणाले, "पुढच्या शनिवारी दोऱ्याला ये."

तिकडून घाबऱ्या आवाजात, "आई, कोण गेलं?"

"कुणी नाही रे. सगळे आहेत. तूच नाहीस."

"रजा नाही म्हणून सांगितलं होतं ना मी. तूच म्हणालीस, असू दे."

"म्हणाले होते. खोटं म्हणाले. मला तू इथं हवायस. पेरिझातलाही हवायस. ती बसथांब्यावर रडली होती, तुला माहितीये का?"

मग फोनवर हात ठेवून कुणाला तरी विचारताना त्याचा आवाज आला, लांबून, पण स्पष्ट. "झांगिर, पुढच्या आठवड्यात माझी पाळी घेशील का? नाही रे, कुणी गेलेलं नाही. आई बोलावतेय."

एरवी अशा वेळी मी पटकन 'बरं, ठेवते' म्हणते, त्याला कामात अडचण नको म्हणून. या वेळी नाही म्हणाले. झांगिर काय म्हणतोय ते वाऱ्यात ऐकू येईना. मी दुसऱ्या कानावर हात दाबून धरला आणि रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिले.