लिंबू आधी काढून घ्या

सारी वाडी विहिरीवर लोटली होती. आजूबाजूला पटकीच्या साथीनं माणसं मरत होती, आणि त्यात आज सकाळी विहिरीचं पाणी लाल झालं होतं. पहाटे तालुक्याहून सरकारी माणूस आला होता, त्यानं कसली तरी जांभळी पूड पाण्यात ओतली होती आणि कुणाशी अवाक्षर न बोलता तो पोलादपूरच्या वाटेला लागला होता. प्लेगात सरकारनं जबरदस्तीनं घरांची कौलं उतरवली होती, ते म्हाताऱ्यांना अजून आठवत होतं.

"रगत हाय ह्ये, वाघजाईचं रगत!" चांगू भगत घुमू लागला. "सरकारनं पान्यात इख कालवलंय. बघा, आई कशी उतरवते त्ये!"

त्यानं परातीत लाल पाणी घेतलं, डोळे फिरवले, वाघजाईलाही अर्थ लागला नसता असा मंत्र पुटपुटला आणि वरून लिंबू पिळलं. बघता बघता पाणी स्वच्छ झालं. लोकांचे हात आपोआप जोडले गेले. लिंबाकडे कुणी पाहिलंच नाही. भगताच्या हातात लिंबू असायचंच, त्यात बघायचं काय?

"अख्ख्या इहिरीला बकरा लागंल," चांगू म्हणाला. "येत्या मंगळवारी देऊ. तवर पऱ्याचं पानी प्या." त्यानं वाडीखालच्या ओढ्याकडे बोट दाखवलं.

राहीबाईच्या कडेवर तिची लेक आवडी होती. ती विहिरीतल्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आये, मला त्ये गुलाबी पानी दे ना गो."

राहीबाईनं तिच्या हातावर चापट मारली.

भागोजी मास्तर शाळा सोडून धावत आले. "अहो, ते औषध आहे! पटकी पाण्यातूनच येते. वरच्या वाडीत आजाऱ्यांची अंथरुणं त्या पऱ्यातच धुतात."

"मास्तर, तुमी सरकारचा पगार खाता," राहीबाई म्हणाली. बाई मूर्ख नव्हती. घाबरली होती. नवरा मुंबईला गिरणीत आणि पदरात एकच लेकरू.

दोन दिवसांनी सकाळी आवडीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि पोरीच्या अंगातलं पाणीच सरलं. डोळे खोल गेले, बोटं सुरकुतली. "पानी, आये," एवढंच म्हणायची. राहीबाई मायेनं पाजत राहिली, पऱ्याचंच. दुपार कलायच्या आत आवडी गेली.

मंगळवारी बकरा बांधला, तोच मास्तर स्वतः तालुक्याहून तेच औषध घेऊन आले. या वेळी त्यांनी आधी सगळ्यांना जमवून काय टाकणार ते सांगितलं आणि मग पूड टाकली. लाल पाण्याची परात त्यांनी चांगूपुढे ठेवली.

"उतरव विष. फक्त लिंबू बाजूला ठेव."

"लिंबाबिगर आई येत नाय!"

"मंत्र तर तुझाच आहे ना? म्हण."

चांगू घुमला, ओरडला, घसा बसला. पाणी लालच.

राहीबाई पुढे आली. तिनं चांगूच्या पुढ्यातलं लिंबू उचललं, कापलं आणि तोंडातून शब्द न काढता परातीत पिळलं. पाणी स्वच्छ झालं.

"या औषधाचा रंग लिंबाच्या रसानं जातो," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "कुणीही पिळावं."

राहीबाई परातीकडे बघत राहिली. "म्या तर मंतर म्हनला नाय," ती म्हणाली, आणि मग मटकन खाली बसून अशी रडली की बकऱ्याचं दावं धरलेल्या माणसानं ते सोडून दिलं.

तिनं डोळे पुसले. "मास्तर, त्या दिशी त्यो सरकारी मानूस दोन शब्द बोलला असता तर?"

मास्तरांनी मान खाली घातली. "बोलायला हवं होतं."

"आन म्या तुमाला इचारायला हवं होतं."

त्या साथीत राहीबाई रोज विहिरीवर बसायची आणि येईल त्या बाईला सांगायची, "ह्येच पानी प्या गो. आन कुनी चमत्कार दावला तर पाया पडू नका. त्याच्या हातातलं लिंबू आधी काढून घ्या, मंग त्याला मंतर म्हनायला सांगा."

मग एक तांब्या लाल पाणी ती विहिरीच्या कडेला ठेवून द्यायची. आवडीनं मागितलं होतं ना.